शाळेचा दिवा दिवठणीवर

शास्त्रभाग: मत्तय 5:14-16, 6:1-4



गेल्या अंकातील हिशेबात 'शाळाप्रवेशाचा प्रचार' असा एक खर्च दाखवला होता. त्यावर दोन-तीन मंडळ्यांतून साधारण एकच प्रश्न आला. जिल्हा परिषदेची शाळा सरकारची, मग तिची जाहिरात मिशनने कशाला करायची? त्याच पैशात मुलांना वह्या आणि दप्तरे आली असती. प्रश्न रास्त आहे. म्हणून या वेळचा अभ्यास त्यावरच घेतो.

वरचे दोन शास्त्रभाग एकापाठोपाठ वाचावेत. पहिल्यात प्रभू येशू दिवा मापाखाली न झाकता दिवठणीवर ठेवायला सांगतो. दुसऱ्यात तोच सांगतो की दान करताना कर्णा वाजवू नये, उजव्या हाताचे डाव्यालाही कळू देऊ नये. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींना अडवतात. पण दिवा कोणासाठी लावला आहे हे पाहिले की गाठ सुटते. दिव्याचा उपयोग घरातल्या माणसांना होतो, कर्ण्याचा उपयोग वाजवणाऱ्याला. शाळेविषयी लोकांना काही सांगायचे असेल तेव्हा मी स्वतःला हेच विचारतो की यातून पाड्यावरच्या आईला काही दिसणार आहे का.

आता 'पट' म्हणजे काय ते समजून घेऊ. हजेरीपत्रकावरची मुलांची संख्या म्हणजे पट. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीपर्यंत 60 मुलांमागे 2 शिक्षक असतात, पुढे पटाप्रमाणे वाढतात. डहाणू, जव्हार, मोखाड्याच्या पाड्यांवर 60 पट फार थोड्या शाळांना असतो. पंधरा-अठरा मुले, दोन खोल्या, चार इयत्ता, असेच चित्र पुष्कळ ठिकाणी. अशा शाळेतून पाच मुले गेली की गुरुजींची जागा धोक्यात येते. गुरुजी गेले की उरलेले पालक डळमळतात, आणि थोड्या वर्षांत कागदावर लिहिले जाते की येथे शाळेची गरज नाही. 2017 च्या अखेरीस राज्य शासनाने 10 पेक्षा कमी पटाच्या 1,300 हून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचे ठरवले होते. नकाशावर जवळ दिसणाऱ्या शाळेच्या वाटेत ओहोळ असतो. जुलैत सहा वर्षांच्या पोरीला तो ओलांडायला कोणती आई पाठवील?

ही पाच मुले जातात कोठे? काही इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसतात. त्या शाळेचा फ्लेक्स एप्रिलमध्येच फाट्यावर लागलेला असतो, आणि तिची माणसे घरोघर येऊन गेलेली असतात. त्यांचा मला राग येत नाही, ते निदान घरी तरी येतात. काही मुले आश्रमशाळेत जातात. काही दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांचे शिक्षण तेथेच तुटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक, आणि त्यांच्यामागे माहितीचे तक्ते, सर्वेक्षण, निवडणुकीचे काम. आपल्या शाळेविषयी लोकांशी बोलणे हे तेथे कोणाच्याच वाट्याला आलेले काम नाही.

आणि बोलण्यासारखे तर पुष्कळ आहे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मुलाला बसवून घ्यावे लागते. शाळेत कधीच न गेलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत लहानांबरोबर बसवून लाजवायचे नाही, त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन जादा शिकवायचे. हे सगळे कायद्यातच आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते घेऊन गेले तर भट्टीजवळच्या शाळेत बसता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, हाही कायदाच. पण पाड्यावर अजून ऐकू येते ते एवढेच की कागद नाहीत, मग शाळा कशी? आपला प्रचाराचा खर्च जातो तो ही समजूत काढण्यावर. एक वही एका मुलाला महिनाभर पुरेल. हे वाक्य आईच्या कानावर पडले तर मूल शाळेत येईल, आणि वह्या नंतरही देता येतील.

हे काम कसे करावे याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. 1975 मध्ये केंद्र सरकारने बालविकासाची योजना आणली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या बाईंनी पत्रके छापली असती तर ती वाचणार कोण होते, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आमचे गट मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी जातात, कारण दिवसा पाड्यावर कोणी नसते. बोलणारा वारली बोलणारा असावा आणि बरोबर समितीतली एखादी आई असावी, एवढे आम्ही पाळतो. पालकांचे प्रश्न तीनच असतात. गुरुजी टिकतील का? पोराला मारतील का? आणि चौथीपर्यंत त्याला वाचता येईल का? पहिल्या दोघांना शब्दाने उत्तर देता येते, तिसऱ्याला नाही. त्यासाठी मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चावडी वाचन. शाळेतली मुले अंगणात येतात आणि सर्वांदेखत पुस्तक वाचून दाखवतात. यात लपवालपवी चालत नाही. एखादा मुलगा जोडाक्षरापाशी अडतो, आजोबा मान वळवतात, गुरुजींचा चेहरा उतरतो. तरीही पुढच्या महिन्यात तोच मुलगा तीच ओळ नीट वाचतो तेव्हा अंगणातली माणसे जे बोलतात, ते कोणत्याही फ्लेक्सवर लिहून होणार नाही. ज्या शाळेत वाचन खरेच कच्चे आहे, तेथे प्रचार थांबवून आधी वाचन सुधारावे असे माझे मत आहे. काही शिक्षकांना ते पटत नाही.

आता डाव्या हाताची गोष्ट. आपले नाव शाळेच्या फलकावर का नाही, असे काहींनी विचारले आहे. शाळा लोकांची आहे. शिवाय पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या 28 व्या कलमात स्पष्ट आहे. आपण तेथे ते देत नाही, आणि देतो असा संशयही येऊ नये. आपल्या नावाने मुख्याध्यापक अडचणीत आले तर नुकसान मुलांचेच होईल. छायाचित्रांचेही तसेच. उघडे, शेंबडे मूल दाखवले की देणगी लवकर येते, हे मला ठाऊक आहे. पण तो फोटो शाळेच्या भिंतीवर लावला तर मुलाच्या आईला बरे वाटेल का? वाटणार नसेल तर तो या पत्रिकेतही नको. म्हणून या अंकात तुम्हाला मुले वाचताना दिसतील, आणि पुष्कळदा पाठमोरी.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील आणि प्रवेशोत्सव होईल. त्याआधीच्या दोन आठवड्यांत संध्याकाळी पाड्यांवर जायला सोबत हवी आहे. ज्यांना वारली किंवा काथोडी बोली येते त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे नाव द्यावे. दुचाकी असली तर बरे, पण शेवटचा रस्ता पायीच आहे. आणि प्रार्थनेत त्या दोन-दोन शिक्षकांच्या शाळांची आठवण ठेवा.