क्वेकरांचे सभागृह आणि त्याची निगा : एक अभ्यास

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) यांच्या प्रेरणेने जो पंथ उदयास आला, त्याचे नाव 'रिलिजिअस सोसायटी ऑफ फ्रेंड्स'. लोक त्यांना क्वेकर म्हणतात. वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे नई तालीमचे काम केलेल्या मार्जरी साईक्स या क्वेकर होत्या, हे काही वाचकांस ठाऊक असेल. १९४७ चे शांततेचे नोबेल पारितोषिकही ब्रिटन व अमेरिकेतील क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळाले होते. परंतु या मोठ्या कार्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे नाही. ज्या घरात हे लोक दर रविवारी एकत्र बसतात ते घर कोण झाडते आणि त्याच्या पन्हळीतला पाला कोण काढते, एवढाच आमच्या अभ्यासाचा विषय आहे.

ब्रिटनमधील क्वेकरांच्या सभेत धर्मगुरू नसतो. मूर्ती नाही, वेदी नाही, घंटा नाही. साधी बाके मांडलेली असतात आणि लोक तासभर शांत बसतात. एखाद्याला आतून बोलावेसे वाटले तर तो, मग पुरुष असो वा स्त्री, उभा राहून चार शब्द बोलतो व खाली बसतो. चर्च म्हणजे माणसे, विटांची इमारत नव्हे, असे फॉक्स यांचे म्हणणे. म्हणून इमारतीला ते तुच्छतेने 'मनोऱ्याचे घर' म्हणत आणि स्वतःच्या जागेला नुसते सभागृह.

आता यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पुरोहित नाही म्हणजे त्याच्या हाताखालचा सेवकही नाही. घर सर्वांचे, त्यामुळे त्याचे कामही सर्वांच्या माथी येते. काही सभागृहांत पगारी रखवालदार असतात, हे खरे. पण बऱ्याच ठिकाणी सभासदांचीच एक समिती असते आणि ठरलेल्या दिवशी मंडळी खराटे, बादल्या, शिड्या घेऊन जमतात. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच हे.

मग जे घर पवित्र मानायचेच नाही, त्याची एवढी निगा कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर इतिहासात आहे. १६८९ च्या सहिष्णुता कायद्यापूर्वी क्वेकरांच्या सभा इंग्लंडमध्ये बेकायदेशीर होत्या. १६७० साली लंडनमधील हॉर्सलीडाऊन येथील त्यांचे सभागृह सरकारी हुकुमाने पाडण्यात आले. मंडळी ढिगाऱ्यावर सभा भरवीत राहिली आणि सैनिकांचा मार खात राहिली. १६८२ मध्ये ब्रिस्टल येथे मोठी माणसे तुरुंगात गेली, तेव्हा मुलांनी सभा चालू ठेवल्या. कम्ब्रिया परगण्यातील ब्रिगफ्लॅट्सचे दगडी सभागृह १६७५ चे, म्हणजे बंदीच्याच काळात बांधलेले. तेथे जिन्याच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी एक छोटा कोंडवाडा आहे. मेंढपाळ आपली कुत्री बरोबर आणीत, म्हणून ही सोय! अशी घरे पावित्र्यामुळे नव्हे, तर ती टिकवण्यासाठी माणसांनी काय सोसले याच्या आठवणीने जपली जातात.

जपणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. जुन्या इमारतीचा पहिला शत्रू पाणी. शरद ऋतूत झाडांची पाने गळतात, पन्हळ तुंबते, पाणी भिंतीवरून उतरते, भिंतीत मुरते आणि आतल्या तुळयांची टोके कुजू लागतात. हजारो पौंडांची दुरुस्ती पुष्कळदा दोन बादल्या पाला वेळेवर न काढल्याने ओढवते. दुसरी चूक सिमेंटची. जुन्या भिंतींच्या दर्जा चुन्याने भरलेल्या असतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. हौशी माणूस मजबुतीच्या कल्पनेने त्यावर सिमेंट भरतो, मग ओल विटेतच अडकते, थंडीत तिचे बर्फ होते आणि विटेचे पोपडे निघतात. सद्हेतूने केलेली नासाडी ती हीच. म्हणून स्वयंसेवकाने काय करावे याइतकेच काय करू नये हे शिकणे आवश्यक आहे. छप्पर, वीज व चुन्याचे काम जाणकार कारागिराला योग्य मजुरी देऊनच करून घ्यावे, तेथे श्रमदानाचा हट्ट नको.

आवारात बहुधा दफनभूमी असते. मृत्यूनंतरही कोणी मोठा दिसू नये म्हणून क्वेकरांनी दीर्घकाळ थडग्यावर दगडच बसवू दिले नाहीत. १८५० पासून साधे व एकसारखे दगड मान्य झाले. त्यामुळे गवत कापणाऱ्याला श्रीमंताची कबर कोणती हे दगडावरून कळत नाही.

एखादे झाड तोडायचे की ठेवायचे, हेसुद्धा येथे मतदानाने ठरत नाही. सर्वांचे ऐकून लेखनिक सभेसमोरच ठराव लिहितो आणि एकमत दिसले नाही तर विषय पुढे ढकलला जातो. आमच्यासारख्या घाईच्या माणसांना हे जड जाईल. पण ज्याचे म्हणणे ऐकले गेले तो खराटा घेऊन येतो, असाही याचा एक फायदा असावा.

अडचणी आहेतच. ब्रिटनमधील सभासदांची संख्या गेली काही दशके घटत आली आहे आणि शिडीवर चढणारे हात म्हातारे होत आहेत. काही सभागृहे विकावी लागली. पन्हळीवर वेळ घालवावा की शांतताकार्यावर, हा प्रश्नही प्रामाणिक आहे.

बकिंगहॅमशायरमधील जॉर्डन्स येथील विटांचे सभागृह १६८८ चे. पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांना १७१८ मध्ये तेथेच पुरले. १० मार्च २००५ रोजी तेथे आग लागली. नवा जोडभाग होरपळला आणि जुन्या दालनाचे बरेचसे छप्पर गेले, पण भिंती उभ्या राहिल्या. दुरुस्तीनंतर २००८ साली सभागृह पुन्हा उघडले. नवे छप्पर आले, त्याबरोबर पन्हळीही आल्या. शरद ऋतूत त्या भागातल्या बीच झाडांचा पाला त्यांतही पडतोच.