संवेदक-जाळ्यांचा अभ्यासवर्ग : प्रस्तावाची मांडणी

दूरवर विखुरलेली लहान उपकरणे तापमान, आर्द्रता, कंप यांची नोंद घेतात व ती बिनतारी मार्गाने एकमेकांकडे सोपवीत केंद्रापर्यंत पोहोचवितात. अशा संवेदक-जाळ्यांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद २००४ साली टोकियो येथे सुरू झाली. २००७ मध्ये ती जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे, तर २०१० मध्ये कासेल येथे भरली. या प्रकारच्या परिषदांत शोधनिबंधांच्या जोडीला अभ्यासवर्ग, म्हणजेच ट्युटोरियल, योजण्याचा प्रघात आहे. निबंधात संशोधक आपला नवा निष्कर्ष मांडतो; अभ्यासवर्गात जाणकाराने नवख्याला हाताशी धरून शिकवावयाचे असते. हा भेद ध्यानात न घेतल्यास प्रस्ताव म्हणजे स्वतःच्या कार्याची जंत्री होऊन बसते.

विषय, कालावधी, लागणारी साधने आणि शिक्षकाचा अनुभव या बाबी थोडक्यात आल्या तरी चालते. खरा भर हवा तो विद्यार्थी कोण आणि वर्ग संपल्यावर त्याला काय करता येईल यांवर. 'संवेदक-जाळ्यांची ओळख' हे शीर्षक याच कारणाने दुबळे ठरते. 'शेतात जाळे उभारण्यापूर्वी काय तपासावे' असे म्हटले की वर्गाचा हेतू व त्याची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

यासाठी उदाहरणाची निवड महत्त्वाची होय. अमेरिकेतील मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचे बेट आहे. तेथे २००२ च्या उन्हाळ्यात ३२ उपकरणे बसवून समुद्रपक्ष्यांच्या बिळांतील हवामान नोंदविण्यात आले. माणसाच्या वावराने पक्षी विचलित होतात, म्हणून ही योजना. हे उदाहरण सर्वपरिचित आहे आणि म्हणूनच एकट्याने पुरेसे नाही.

त्याहून बोधप्रद आहे तो नेदरलँड्समधील बटाट्याच्या शेतातील प्रयोग. बटाट्यावरील उशिराचा करपा पानांतील ओलाव्यावर वाढतो. मंचर-खेड भागातील उत्पादकांनाही तो अपरिचित नाही. पिकातील आर्द्रता जागोजागी मोजता आली तर गरजेपुरतीच फवारणी करता येईल, या अपेक्षेने डेल्फ्ट येथील संशोधकांनी सुमारे शंभर उपकरणांचे जाळे २००५ मध्ये शेतात उभारले. हाती आली ती अपेक्षित माहितीच्या जेमतेम २ टक्के. कल्पना चुकीची नव्हती. आज्ञावलीतील दोष, उपकरणांचे वारंवार आपोआप नव्याने सुरू होणे आणि अपुरी पूर्वचाचणी यांनी घात केला. विशेष असे की, संशोधकांनी २००६ मध्ये हे अपयश सविस्तर प्रसिद्ध केले. आपल्याकडील किती प्रकल्प-अहवालांत असा प्रांजळपणा आढळतो ?

तीन तासांचा वर्ग सुचवावयाचा झाल्यास पहिला पाऊण तास जाळ्याच्या रचनेस व बॅटरीच्या हिशेबास द्यावा. संदेश पाठविण्यास वीज अधिक लागते, म्हणून उपकरण बहुतेक वेळ निद्रिस्त ठेवावे लागते, हे येथेच समजवावे. पुढील अर्धा तास वरील दोन प्रयोगांसाठी. उरलेला सर्व वेळ हातांनी करावयाच्या कामासाठी राखावा : प्रत्येक संचात शिक्षकाने एक दोष मुद्दाम ठेवावा व नोंदी पाहून विद्यार्थ्यांनी तो शोधावा.

संच दहा असतील तर विद्यार्थी वीसच, हे प्रस्तावातच नमूद करावे. अन्यथा आयोजक मोठे सभागृह देतात आणि मागील रांगेच्या हाती काहीच लागत नाही.