खडक कसा झिजतो?

तुम्ही गिरगाव चौपाटीजवळची मलबार हिल पाहिली असेल. ओहोटीच्या वेळी हाजी अली दर्ग्याच्या वाटेशेजारी उघडे पडणारे काळे खडकही पाहिले असतील. हे खडक आले कोठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला. तो थंड होऊन घट्ट झाला. त्यापासून बनलेल्या काळ्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात.

हा खडक फार कठीण असतो. तरीही तो झिजतो. समुद्राचे खारे पाणी त्याच्या बारीक भेगांत शिरते. उन्हाने पाणी सुकते. पण मीठ आत राहते. मिठाचे कण वाढत जातात आणि भेग रुंद होते. पावसाच्या पाण्याने व हवेने खडकातील लोह गंजते. काळा दगड तांबूस आणि ठिसूळ होतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे त्याचे थर सुटतात. मग त्याचा मुरूम होतो आणि शेवटी माती होते. या क्रियेला विदारण म्हणतात.

थंड प्रदेशात हेच काम बर्फही करतो. उत्तर आयर्लंडमध्ये समुद्रकाठी ‘जायंट्स कॉजवे’ हे ठिकाण आहे. तेथे बेसॉल्टचे खांब आहेत. असेच खांब आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसतात. गारठ्यात भेगांतले पाणी गोठते. गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि खडक फोडते. मुंबईत पाणी गोठत नाही. येथे मीठ, ऊन आणि पाऊस पुरेसे आहेत.

झिजलेल्या उतारात पावसाचे पाणी मुरले, की माती जड होते आणि घसरते. ऑगस्ट २०२० मध्ये मुसळधार पावसात मलबार हिलच्या उताराचा भाग केम्प्स कॉर्नरजवळच्या रस्त्यावर कोसळला. म्हणूनच टेकडीच्या संरक्षक भिंतीत पाणी बाहेर जाण्यासाठी भोके ठेवतात. त्यांत कचरा कोंबू नका. भिंतीला नवी भेग पडली किंवा गढूळ पाणी येऊ लागले, तर तेथून दूर व्हा. घरच्या मोठ्यांना सांगा. महानगरपालिकेला १९१६ या क्रमांकावर कळवायला लावा.

मित्रांनो, खडक एका दिवसात फुटत नाही. जो रोज नीट पाहतो, त्याला धोका आधी कळतो.

शब्दार्थ : ठिसूळ – सहज तुटणारा. पापुद्रा – पातळ थर. मुरूम – झिजलेल्या खडकाचा भुगा.

स्वाध्याय
१. मिठामुळे खडकाची भेग रुंद कशी होते?
२. संरक्षक भिंतीत भोके का ठेवतात?