कारू आणि कलावंत : नंदलाल बसूंच्या नेमून दिलेल्या कामाविषयी

'शिल्प' हा शब्द मराठीत आणि बंगालीत रूपाने एकच असला, तरी त्याची व्याप्ती दोन्हीकडे सारखी नाही. मराठीत शिल्प म्हणजे मुख्यतः दगडात, लाकडात वा धातूत घडविलेली आकृती. बंगालीत मात्र 'शिल्प' या एका शब्दात चित्रकला, मूर्तिकला, हस्तकौशल्य आणि उद्योगधंदा इतके सारे सामावते, आणि 'शिल्पी' म्हटल्यावर तो चित्रकार की कारागीर हे प्रसंगावरून ठरवावे लागते. नंदलाल बसू (१८८२–१९६६) यांच्या 'शिल्पकथा' आणि 'शिल्पचर्चा' या पुस्तकांची केवळ नावे वाचणाऱ्या मराठी वाचकाची त्यामुळे फसगत होण्याचा संभव आहे. त्यांत मूर्तिकलेपुरता विचार नाही. चित्र, रेषा, अलंकरण, साधने, निसर्गाचे निरीक्षण अशा अनेक गोष्टींचा एकत्र विचार आहे.

शब्दाचा हा प्रश्न येथे आरंभीच उपस्थित करण्याचे कारण असे की, नंदलालांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना 'स्वतःचे चित्र' आणि 'सांगून करवून घेतलेले काम' असा भेद गृहीत धरला जातो. पहिल्यात कलावंताची प्रतिभा शोधावयाची आणि दुसऱ्याची नोंद चरित्राच्या एखाद्या परिच्छेदात उरकावयाची, ही समीक्षेची सवय झाली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनाही ती अपरिचित नाही. प्रसंगोपात्त लेखन, पाठ्यपुस्तके आणि अनुवाद यांच्या वाट्याला आपल्याकडे हीच वागणूक येते. नंदलालांच्या बाबतीत हा भेद टिकत नाही. १९३० च्या सुमारास शांतिनिकेतनात कलावंतांनी सहकाराने कामे घ्यावीत आणि त्यांवर निर्वाह करावा या हेतूने त्यांच्या पुढाकाराने जी संस्था उभी राहिली, तिचे नाव 'कारुसंघ' असे होते. मराठी वाचकाला या नावात एक ओळखीचा सूर ऐकू यावा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात ज्यांचे वर्णन येते त्या कारू-नारूंतील कारू म्हणजे बलुतेदार : सुतार, लोहार, कुंभार. गावाची गरज हेच ज्यांच्या कामाचे निमित्त. कारुसंघ म्हणजे काही बलुतेपद्धती नव्हे. तथापि मागणी ही कलेवरची आपत्ती नसून तिची भूमी होऊ शकते, ही श्रद्धा त्या नावामागे आहे.

या श्रद्धेची पूर्वतयारी दीर्घ होती. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकून बाहेर पडत असतानाच १९०९–१० मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणाऱ्या लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकात नंदलाल सामील झाले. दुसऱ्याच्या रेषेमागून आपला हात चालविण्याचे हे काम मोठ्या व्यापात करण्याची ही संधी होती. रवींद्रनाथांच्या 'चयनिका' (१९०९) या संग्रहासाठी त्यांनी चित्रे काढली. १९१७ मध्ये उघडलेल्या जगदीशचंद्र बसूंच्या विज्ञानमंदिराच्या भिंती सजविल्या. १९२१ मध्ये बाघ येथील लेण्यांतील चित्रांच्या प्रती केल्या. यांतील एकही काम स्वेच्छेने निवडलेल्या विषयाचे नाही. मात्र या सर्व काळात, आणि पुढे अखेरपर्यंत, एक समांतर उद्योग चालू होता : खिशात कोरी कार्डे बाळगावयाची आणि वाटेत जे दिसेल ते काही रेघांत टिपावयाचे. बैलगाडी, ताडाचे झाड, शेळी, पाणी भरणारी बाई. अशी कितीतरी कार्डे पत्र म्हणून शिष्यांना व स्नेह्यांना रवाना झाली. समोर नमुना बसवून त्याची नक्कल उतरविण्यापेक्षा, नीट पाहावे, आठवणीत मुरू द्यावे आणि मग काढावे, यावर कलाभवनातील त्यांच्या शिक्षणाचा भर होता. कार्डांवरची ही रोजची साधना म्हणजे नेमून दिलेल्या कामाचे भांडवल होय. भांडवल साठलेले असल्यामुळेच मागणी आली तेव्हा ती अल्पावधीत पुरी करता आली.

रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बालवाचनमालेचे पहिले दोन भाग १९३० साली निघाले. त्यांतील चित्रे नंदलालांनी लिनोवर कोरली. लिनोछापात छटा नसतात. कोरले ते पांढरे, राहिले ते काळे. अक्षरांचा छापही तसाच असतो. त्यामुळे पानावर अक्षर आणि चित्र एकाच जातीचे होऊन बसतात. अक्षर शिकणाऱ्या मुलाचा डोळा एकावरून दुसऱ्यावर सहज जातो. साधनाची मर्यादा हाच येथे रचनेचा नियम झाला आहे. त्याच वर्षी दांडीयात्रेच्या निमित्ताने त्यांनी काठी टेकीत चाललेल्या गांधीजींची जी सुप्रसिद्ध लिनोप्रतिमा केली, तिची भाषा हीच आहे. बालपुस्तक आणि राष्ट्रीय प्रतिमा या दोहोंना एकच रेषा पुरली, ही गोष्ट एरवी सहसा लक्षात घेतली जात नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. मराठी वाचकाला ते साने गुरुजींनी त्यासाठी उपसलेल्या कष्टांमुळे स्मरते. तेथील नगराच्या उभारणीसाठी व सजावटीसाठी गांधीजींनी नंदलालांना बोलाविले. अट एवढीच की, गावात मिळेल ते साहित्य आणि गावात मिळतील ते हात. बांबू, तट्टे, गवत, माती यांतून कमानी आणि कुंपणे उभी राहिली. चित्रकाराने येथे चित्र जवळपास काढलेच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्याने जागा रचली. पुढील अधिवेशनासाठी तोच प्रश्न अधिक निकडीने उभा राहिला, आणि त्याचे उत्तर मात्र चित्रांतून आले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठी हरिपुरा येथे भरलेल्या अधिवेशनासाठी नंदलालांनी केलेली फलकचित्रे 'हरिपुरा पोस्टर्स' या नावाने ओळखली जातात. त्यांनी स्वतः केलेल्या मूळ चित्रांची संख्या ऐंशीच्या घरात भरते. शिष्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती धरून एकूण फलक सुमारे चारशे झाले. हातकागद, मातीचे व खनिज रंग, जाड कुंचला, आणि हाताशी वेळ थोडा. विषय म्हणाल तर नांगर धरलेला शेतकरी, ढोल वाजविणारा, सुतार, शिकारी, बैलाला आवरणारा गडी, कांडण करणारी स्त्री. प्रवेशद्वारांवर आणि छावण्यांवर ही चित्रे लागली. ज्यांनी ती पाहावयाची होती, त्यांतील बहुसंख्य लोक चित्रदालनात कधी पाऊल न टाकलेले होते. शिवाय ते चालता चालता पाहणार होते.

या शेवटच्या गोष्टीत हरिपुरा चित्रांचे मर्म आहे. त्यांना लोककलेचे अनुकरण म्हणून मोकळे होणाऱ्यांचे बोलणे अर्धेच खरे आहे. पटुआंच्या रेषेचे ऋण उघड दिसते. पण कालीघाटच्या पटातील आकृती बहुधा रिकाम्या कागदावर उभी असते, तर हरिपुऱ्यात अनेक फलकांत आकृतीभोवती महिरप येते आणि आकृती त्या महिरपीशी झुंजते. शेतकऱ्याचा वाकलेला पाठकणा, बैलाची मान, ढोलाचा गोल यांना चौकटीच्या वळणाचा प्रतिसाद मिळतो. त्यामुळे फलक दुरून एका दृष्टिक्षेपात कळतो आणि जवळून पाहताना कुंचल्याचा वेगही जाणवतो. अजिंठ्याच्या प्रतिकृतींतून आलेले आकृतीचे वजन, कार्डांवरून आलेली झटपट टिपणी आणि पटातील सपाट रंग अशी तीन ठिकाणची शिदोरी येथे एकत्र आली. फुरसतीने, स्वतःच्या मर्जीने काढलेल्या चित्रात ती अशी एकवटली असती काय, याची शंका घेण्यास जागा आहे. नंदलालांची काही प्रारंभीची पौराणिक चित्रे, त्यांचा लौकिक मान्य करूनही, हरिपुऱ्याशेजारी ठेवली तर हळवी वाटतात.

प्रतींचा प्रश्न मात्र अवघड आहे. चारशेंपैकी मोठा भाग शिष्यांच्या हातचा असेल, तर कर्तृत्व कोणाचे? भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. संतांच्या नाममुद्रेखाली पिढ्यान् पिढ्या रचना होत राहिल्या, आणि तेथे मुद्रा ही मालकीची नसून परंपरेची खूण मानली गेली. परंतु ही तुलना फार ताणता कामा नये. नाममुद्रा घेणारा कवी आपले नाव आपण होऊन विसर्जित करीत असे. कलाभवनातील शिष्याचे नाव मात्र संग्रहालयाच्या नोंदवहीत शिरलेच नाही. आज नंदलालांच्या कामाचा फार मोठा साठा दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. तो पाहताना कारुसंघाची कल्पना आणि संग्रहालयाची कल्पना यांतील विरोध जाणवल्यावाचून राहत नाही.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील भित्तिचित्रे (१९३९–४६) सयाजीराव गायकवाडांच्या निमंत्रणातून झाली, जरी काम सुरू होत असतानाच, १९३९ च्या फेब्रुवारीत, महाराज निवर्तले. गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि 'नटीर पूजा' हे चार भिंतींचे विषय. यांतील 'नटीर पूजा' ही रवींद्रनाथांच्या १९२६ सालच्या नाटकावर आधारलेली आहे. शांतिनिकेतनातील प्रयोगात नृत्य करणाऱ्या श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली होती. गायकवाडांच्या कुळाचे स्मारक असलेल्या वास्तूत बंगाली नाटकातील एक नटी उभी आहे, आणि तिच्यामागे चित्रकाराने प्रत्यक्ष पाहिलेला प्रयोग आहे. मागणी राजघराण्याची असली तरी आठवण स्वतःची.

भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीचे काम यानंतरचे. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, तर हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखित केली. सजावट नंदलाल व त्यांच्या शिष्यांची. बावीस भागांच्या आरंभी मोहेंजोदडोच्या मुद्रेवरील बैलापासून हिमालय, वाळवंट व सागरापर्यंत चित्रे क्रमाने येतात. हे काम सर्वांत विख्यात असले, तरी ते नंदलालांचे सर्वोत्तम काम म्हणता येणार नाही. चित्रांचा क्रम इतिहासाचा आहे, मजकुराचा क्रम कायद्याचा. दोन्ही शेजारून जातात आणि क्वचितच एकमेकांकडे पाहतात. राज्यनीतीच्या निदेशक तत्त्वांवर अर्जुनाला उपदेश करणारा कृष्ण येतो तेथे काही संवाद घडतो. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज व गुरू गोविंदसिंह येतात, तेथे केवळ कालक्रम बोलतो. 'सहज पाठा'त अक्षर आणि चित्र यांचे जे एकरूपत्व साधले होते, ते येथे नाही. मागणी भव्य होती, पण तिने चित्रकाराला हरिपुऱ्याइतके अडविले नाही.

तरीही त्या ग्रंथातील एक पान निराळे आहे. उद्देशिकेची चौकट नंदलालांचे शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी रेखिली. चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, नक्षीत मिसळून जाईल अशा बारीक नागरी अक्षरांत, त्यांनी आपली सही केली आहे : 'राम'.