नाकारलेलं शिल्प कुणाचं?

प्रश्न : गाडीतळाजवळच्या चौकासाठी मी भंगार लोखंडातल्या बैलगाडीच्या शिल्पाचा प्रस्ताव दिला होता. आठ महिन्यांनी एका ओळीत नकार आला. आराखडे अजून त्या सरकारी कार्यालयातच आहेत. माझा हक्कही गेला का? तेव्हापासून कामाला हात लावावासा वाटत नाही.
– एक शिल्पकार, हडपसर

उत्तर : हक्क कुठेही गेलेला नाही. कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) तो तुम्ही लेखी सही करून दिल्याशिवाय दुसऱ्याचा होत नाही. प्रस्तावासोबत कुठल्या अटींवर सही केली होती, तेवढं मात्र तपासा.

दुसरं, नकार शिल्पालाच होता असं धरून चालू नका. सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे वा बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. कदाचित अडचण जागेची असेल. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून तुमच्या प्रस्तावावरच्या बैठकीचं इतिवृत्त आणि अभिप्राय मागा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. अर्जात भांडू नका, फक्त कागद मागा.

नकार मोठ्या कलावंतांनाही आलेत. फ्रेंच शिल्पकार रोदँने घडवलेला लेखक बाल्झाकचा पुतळा १८९८ मध्ये खुद्द तो करायला सांगणाऱ्या लेखकसंस्थेनेच नाकारला. रोदँने तो घरी नेला. पॅरिसच्या रस्त्यावर तो ब्राँझमध्ये उभा राहिला १९३९ मध्ये, रोदँच्या मृत्यूनंतर २२ वर्षांनी! तुम्ही इतकं थांबू नका. मोठ्या गृहसंकुलाचं किंवा शाळेचं आवार खासगी असतं, तिथे विचारा. आधी हातभर उंचीची प्रतिकृती करा. आराखड्याच्या प्रत्येक पानावर नाव-तारीख घाला आणि मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.