हिरड्यांचं रक्त आणि साखर

नर्सिंगच्या नोकरीत मधुमेही रुग्णांचे पाय मी नेमाने तपासले. तोंड मात्र क्वचितच. इथं सिडनीत माझ्याच ब्रशवर रक्त दिसलं. दुखत नव्हतं, म्हणून त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं. नर्स असून!

हिरडीखाली कीटण साचतं, जंतू वाढतात, सूज येते. त्या सुजेतली द्रव्यं रक्तात मिसळून इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. हिरडीखालची सफाई केल्यावर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरते. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

मेडिकेअर मोठ्यांच्या दातांचा खर्च सहसा देत नाही. पण पेन्शनर कन्सेशन कार्ड असेल, तर न्यू साउथ वेल्सच्या सरकारी दंतसेवेत उपचार फुकट होतात. रांग लांब असते, मंडळी. नाव आजच नोंदवा.