डिस्म अडकलंय की मंदावलंय?

प्रश्न : जुन्या विंडोज १० लॅपटॉपवर सिस्टम फाइली दुरुस्त करायला डिस्म चालवलं. दोन तास झाले, आकडा ६२.३ टक्क्यांवरच आहे. बंद करू का?

उत्तर : घाई नको. ६२.३ वर डिस्म रेंगाळणं नेहमीचंच. आकडा हलत नसला तरी आत काम सुरू असू शकतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना बघा. हालचाल असेल तर चार्जर लावून ठेवा, चालू द्या. बराच वेळ काहीच हालत नसेल, तर डिस्म चालवलं त्या काळ्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. पॉवरचं बटण दाबून धरू नका. रीस्टार्ट करून, इंटरनेट जोडून पुन्हा चालवा, कारण चांगल्या फाइली डिस्म एरवी विंडोज अपडेटकडून आणतं. एसएफसी, म्हणजे विंडोजचं सिस्टम फाइल चेकर, त्यानंतर. आधी चालवलंत तर ते विंडोजच्या फाइलींच्या बिघडलेल्या साठ्यातूनच फाइली उचलायला जाईल.

मला खरी काळजी वाटते ती हार्डडिस्कची. डिस्क सतत १०० टक्के आणि प्रतिसादाला हजारो मिलिसेकंद लागत असतील, तर ती बहुधा शेवटच्या घटका मोजते आहे. मग दुरुस्ती राहू द्या. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या ड्राइव्हवर काढा. चेकडिस्कसुद्धा तोवर नको. त्याच्या लांबलचक तपासणीत अशी डिस्क पुरतीच बसू शकते.